गोमध्ये पहिली सोंगटी कोपऱ्यात, पण नेमकी कोठे?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा की, तुम्ही बुद्धिबळाकडून गो या सोंगट्यांनी जागा वेढण्याच्या पटावरील खेळाकडे आलात, सध्या १५ क्यूच्या (क्यू म्हणजे शिकाऊ खेळाडूंची श्रेणी) आसपास खेळता आणि काळ्या सोंगट्या मिळाल्या की सुरुवातीच्या चार-पाच चाली कोठे खेळाव्यात, या संभ्रमात पडता. पाठ केलेली जोसेकी (कोपऱ्यातील चालींचा ठरलेला क्रम) प्रतिस्पर्ध्याने मध्येच सोडली की पुढचे सुचत नाही, आणि होशीवर (दोन्ही कडांपासून चौथ्या रेघेवरचा बिंदू) सोंगटी ठेवताच समोरचा खेळाडू सानसानवर (दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघेवरचा बिंदू) घुसून कोपरा घेऊन जातो, ही तुमची मुख्य अडचण आहे. तिचे उत्तर जरा विस्ताराने देतो, कारण केवळ ‘अमुक बिंदूवर खेळा’ एवढे सांगून ती सुटणार नाही.

आधी कोपराच का, हे पक्के करून घेऊ. बुद्धिबळातून आलेल्या खेळाडूचा हात आपोआप मध्याकडे जातो. गोमध्ये मात्र हिशेब उलटा आहे. नऊ बिंदूंचा चौकोन स्वतःचा करायचा असेल, तर कोपऱ्यात सहा सोंगट्या लागतात, कडेला नऊ आणि मध्यात बारा. ज्या शेताला दोन बाजूंनी आयते बांध आहेत, त्याला कुंपण घालायला खर्च कमी येतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून रिकामा कोपरा शिल्लक असेपर्यंत सहसा तोच सर्वांत मोठा असतो.

पुढील सर्व उदाहरणे पटाच्या डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातली आहेत. उभ्या रेघा डावीकडून ए, बी, सी, डी अशा मोजल्या आहेत आणि आडव्या रेघा खालून १, २, ३ अशा. म्हणजे डी-४ हा होशी, सी-३ हा सानसान आणि सी-४ हा कोमोकू. मोकुहाझुशी (सी-५) आणि ताकामोकू (डी-५) हेही बिंदू आहेत, परंतु तेथून कोपरा लगेच हाती येत नाही आणि तेथील गुंतागुंत तुमच्या टप्प्यावर उपयोगाची नाही. ते सध्या बाजूला ठेवावेत.

कोणता बिंदू ‘बलवान’ आहे, हे विचारण्यापेक्षा त्या कोपऱ्यात पुढची चाल कोणाला किती हवी आहे, हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे. कोमोकूवरची सोंगटी आणखी एका चालीची वाट पाहत असते. सी-४ वर तुमची सोंगटी असेल, तर ई-३ किंवा ई-४ येथे खेळून तुम्ही शिमारी (कोपरा बंद करणारी दुसरी चाल) करता आणि कोपरा जवळपास बंद होतो. पण नेमक्या त्याच दोन बिंदूंवर प्रतिस्पर्धी काकारी (कोपऱ्यातल्या सोंगटीजवळ येणारी चाल) करतो आणि तुमचा बेत मोडतो. जो आधी पोहोचेल त्याचा लाभ, म्हणून ती जागा दोघांनाही मोठी वाटते. होशीचे तसे नाही. ती एका चालीत कोपऱ्यावर वचक बसवते, दोन्ही कडांकडे सारखी पाहते आणि तुम्हाला दुसरीकडे जायला मोकळे सोडते; त्याची किंमत एवढीच की, सी-३ चा दरवाजा उघडा राहतो. सानसान तो दरवाजा लावून घेते, परंतु तिसऱ्या रेघेवर खाली बसल्यामुळे मध्याकडे तिचा प्रभाव तोकडा पडतो.

हा तोल काळानुसार कसा बदलत गेला, हे पाहणे उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकातील जपानमध्ये कोमी (काळ्याने पहिल्या चालीबद्दल पांढऱ्याला द्यायची गुणांची भरपाई) नव्हती. काळ्याला पहिल्या चालीचा फायदा आयताच मिळे आणि तो जपणे हेच त्याचे काम असे. त्या काळातील खेळाडू शुसाकू यांचे तीन कोपऱ्यांत तीन कोमोकू घेणारे प्रसिद्ध फुसेकी (डावाची सुरुवातीची मांडणी) त्या काळाला साजेसे होते. पुढे १९३३ च्या सुमारास गो सेइगेन आणि कितानी मिनोरू या खेळाडूंनी ‘शिन-फुसेकी’ म्हणजे नवी सुरुवात पुढे आणली. त्याच वर्षी होनिन्बो (जपानी गोमधील मानाची पदवी) शुसाई यांच्याविरुद्धच्या डावात गो सेइगेन यांनी पहिल्या तीन चाली सानसान, होशी आणि पटाचा मध्यबिंदू तेनगेन अशा खेळल्या, तेव्हा मोठी खळबळ उडाली. तो डाव १९३४ च्या जानेवारीपर्यंत चालला आणि शुसाई दोन घरांनी (घर म्हणजे वेढलेला एक बिंदू) जिंकले, पण एकाच चालीत कोपरा उरकून वेगाने पुढे जाण्याची कल्पना मागे हटली नाही. आज काळ्याला जपानी नियमांत साडेसहा आणि चिनी नियमांत साडेसात घरांची कोमी द्यावी लागते, त्यामुळे स्वस्थ बसून फायदा जपण्याची सोय त्याला राहिलेली नाही. (शुसाईंविरुद्धचा तो डाव अवश्य मांडून पाहावा, सगळ्या चाली समजल्या नाहीत तरी पहिल्या वीस चालींत दोन विचारपद्धती समोरासमोर दिसतात.)

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येतो. डी-४ वर तुमची काळी सोंगटी आहे आणि पांढरा सी-३ वर घुसला. तुम्हाला डी-३ किंवा सी-४ येथे अडवता येते, आणि सगळा प्रश्न या एका निवडीत आहे. ज्या बाजूला तुम्हाला विस्तार करायचा आहे, ती बाजू अडवावी. खालच्या उजव्या कोपऱ्यातही तुमची होशी असेल, तर खालची कड तुमची, तेव्हा डी-३. वरच्या डाव्या कोपऱ्यात तुमची सोंगटी असेल आणि डावी कड मोकळी असेल, तर सी-४. पाठ केलेल्या क्रमात हे लिहिलेले नसते, आणि नेमके येथेच बहुतेक डाव बिघडतात: भिंत उत्तम बांधली जाते, पण तिचे तोंड पांढऱ्याच्या सोंगट्यांकडे असते.

डी-३ नंतर पांढरा सी-४ ला येतो. जुन्या जोसेकीत काळा सी-५, पांढरा बी-५, काळा बी-६, पांढरा बी-४, काळा सी-६ आणि त्यानंतर पांढरा डी-२, काळा ई-२, पांढरा सी-२, काळा ई-३ असा क्रम होई. पांढऱ्याला कोपऱ्यातली थोडी घरे आणि पुढची चाल मिळे, तर काळ्याला दोन्ही बाजूंना पाहणारी भक्कम भिंत. ही भिंत फार मोलाची मानली जात असल्यामुळे डावाच्या आरंभीच असे घुसणे घाईचे समजले जाई. अल्फागो या संगणक प्रणालीने २०१६ च्या अखेरीपासून जे डाव खेळून दाखवले, त्यांतून हा समज ढासळला. पण त्यातली मेख पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अल्फागोने डी-२ पासूनच्या शेवटच्या चार चाली वगळल्या. त्या न खेळल्यामुळे काळ्याची खालची बाजू पक्की होत नाही आणि पांढरा लगेच दुसऱ्या मोठ्या जागेकडे वळतो. तेव्हा ‘संगणक सानसानवर घुसतो’ हे अर्धेच सत्य आहे. तो काय खेळत नाही, हे उरलेले अर्धे. तुमचा प्रतिस्पर्धी जर डी-२ ते ई-३ पर्यंतच्या चाली तुमच्याकडून खेळवून घेत असेल, तर तो तुमची भिंत स्वतःच्या हाताने पक्की करून देत आहे. तुमचे नुकसान कोपरा गेल्यामुळे होत नाही. त्या भिंतीचा पुढे उपयोग न केल्यामुळे होते. तिला खेटून घरे गोळा करू नयेत. पांढऱ्याच्या कमकुवत गटांना तिच्याकडे रेटत न्यावे.

तुम्हाला सोपा मार्ग हवा असल्यास पांढऱ्याच्या सी-४ नंतर सी-५ ऐवजी डी-५ ला सरळ वाढावे. पांढरा सी-५ कडे एक पाऊल सरकू शकतो, ही त्याची किंमत. परंतु तुमच्या तीन सोंगट्या एका रेघेत जोडलेल्या राहतात आणि त्यांना कापायला जागाच उरत नाही.

काकारीबद्दल थोडक्यात. पांढरा एफ-३ ला आला, तर सी-६ हे उत्तर पुरेसे आहे. त्यानंतर तो डी-२ ला सरकेल, तुम्ही सी-३ ला कोपरा राखाल आणि तो एफ-३ पासून उजवीकडे दोन घरे सोडून तिसऱ्या रेघेवर स्थिरावेल. त्याने डी-२ न खेळता दुसरीकडे धाव घेतली, तर जोसेकी मोडली असे समजून गोंधळू नये. एफ-३ ची सोंगटी अजून एकटी आहे; तिच्या उजवीकडे चिमटा घालून हल्ला करता येईल का, एवढेच पाहावे. जोसेकी सोडणारा प्रतिस्पर्धी कोठेतरी एक चाल वाचवत असतो, आणि ती चाल कोठली हे शोधणे हाच तुमचा अभ्यास आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, पुढील काही महिने काळ्याने खेळताना एकाच कडेच्या दोन्ही कोपऱ्यांत होशी, म्हणजे निरेनसेई, एवढेच खेळावे. हँडिकॅपच्या (दुबळ्या खेळाडूला सुरुवातीलाच दिलेल्या) सोंगट्याही होशीवरच ठेवतात, त्यामुळे वरच्या खेळाडूंशी खेळतानाही हाच अभ्यास कामी येईल. त्यानंतर एका कोपऱ्यात कोमोकू आणावा. जोसेकी पाठ करण्यात जाणारा वेळ मात्र निम्म्याहून कमी करून तो जीवन-मरणाच्या कोड्यांना द्यावा. १५ क्यूला जो गट वीस घरांसकट मरतो, त्याच्यापुढे कोपऱ्याची निवड नगण्य ठरते.

डाव संपल्यावर काटागोसारख्या मोफत संगणक प्रणालीत तपासत असाल, तर पहिल्या दहा चालींत होशी की कोमोकू यावर तिने दाखवलेला अर्ध्या घराच्या आतला फरक सोडून द्यावा. जेथे एका चालीत पाच-सहा घरांचे नुकसान दिसते, तेथे थांबावे आणि त्या क्षणी तुमची भिंत कोणत्या बाजूला तोंड करून होती व मोठी मोकळी जागा कोणत्या बाजूला होती, हे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावे. असा एखादा डाव चालींच्या नोंदीसह येथे मांडलात, तर सी-३ नंतर कोणत्या बाजूने अडवायला हवे होते, हे प्रत्यक्ष त्या पटावरच पाहू.