आइसलँडच्या सागा पुढचे आधीच सांगून टाकतात, हा कथनाचा दोष आहे का?

आपण विचारले आहे की सागांमध्ये, म्हणजे मध्ययुगीन आइसलँडच्या दीर्घ गद्य कथांमध्ये, पूर्वसूचना कशा दिल्या जातात आणि त्यांमुळे उत्कंठा मरत नाही का. नाही मरत. ‘उत्कंठा नष्ट’ हे दोन शब्द माझ्या मार्गदर्शकांनी वीस वर्षांपूर्वी माझ्या प्रबंधाच्या खर्ड्यावर लाल शाईने लिहिले होते, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

ते पान न्यालच्या सागेतील सैउन् या म्हातारीविषयी होते. घरामागे तणाची गंजी पडलेली असते आणि ही म्हातारी काठीने तिला बडवत सुटते. न्यालचा मुलगा स्कार्पहेदिन हसून विचारतो, या तणाने तुझे काय घोडे मारले? ती सांगते की न्याल आणि त्याची बायको बेर्गथोरा यांना जाळताना आग याच तणाने पेटवतील, तेव्हा ते पाण्यात टाका, नाहीतर आत्ताच जाळून टाका. तो म्हणतो, नशिबात तसे असेल तर पेटवायला दुसरे काहीतरी सापडेलच. म्हातारी उन्हाळाभर मागे लागते आणि काम दर वेळी राहून जाते. पुढे शत्रू दारांशी आग लावतात, बायका दुधाची आंबट निवळ ओतून ती विझवतात, आणि तेव्हा बाहेरच्यांपैकी एकाला ती गंजी आठवते.

मार्गदर्शकांचा आग्रह होता की म्हातारी वगळली असती तर हा प्रसंग अधिक थरारक झाला असता. मला हे तेव्हाही पटले नाही. निवळ ओतली जात असताना आपल्या पोटात गोळा येतो, कारण गंजी अजून तिथेच आहे हे आपल्याला ठाऊक असते. शिवाय इशारा ऐकून कोण कसा वागतो, यावरून माणूस कळतो. स्कार्पहेदिनचे ते हसणे म्हणजेच स्कार्पहेदिन.

स्वप्ने, द्रष्ट्यांची भाकिते आणि सहज बोललेली वाक्ये ही या सूचनांची नेहमीची रूपे आहेत. त्यांत तिसरे सर्वांत धारदार. न्यालच्या सागेच्या पहिल्याच प्रकरणात ह्रूत नावाचा माणूस आपल्या लहानग्या पुतणीकडे, हालगेर्दकडे, पाहून म्हणतो की आमच्या घराण्यात चोराचे डोळे कुठून आले कळत नाही. ती मोठी होऊन गुलामाकरवी चीज चोरवते, नवरा गुन्नार तिच्या थोबाडीत मारतो, आणि पुढे वेढ्यात त्याच्या धनुष्याची दोरी तुटल्यावर दोरीसाठी मागितलेल्या केसांच्या दोन बटा ती त्या थपडेची आठवण देऊन नाकारते. आपण एवढे दुवे सलग वाचा आणि ‘उत्कंठा नष्ट’ म्हणणाऱ्यांनाही वाचायला द्या.

अर्थात सगळ्याच सागांना हे साधलेले नाही. लाक्सदैला या दुसऱ्या सागेत नायिका गुद्रूनची चार स्वप्ने आणि त्यांतून निघणारे चार नवरे ही मांडणी मला फारच आखीव वाटते. तिथे मार्गदर्शकांचा आक्षेप मी मान्य केला असता, पण त्या पानावर त्यांनी ‘उत्तम’ असा शेरा मारला होता.