६०० मिमी एफ/४ वरून हलक्या लेन्सकडे : विकण्यापूर्वी हे तपासा

साठीच्या उंबरठ्यावर पक्षी टिपण्यासाठीची निकॉन डी८५० कॅमेरा आणि ६०० मिमी एफ/४ लेन्स ही जोडी खांद्याला पेलवेनाशी झाली आहे, तेव्हा ती विकून निकॉनचाच झेड८ कॅमेरा आणि ६०० मिमी एफ/६.३ लेन्स घ्यावी का, आणि घेतल्यास छायाचित्रांचा दर्जा घसरेल का, असे आपण विचारले आहे. (एफपुढचा आकडा जितका लहान तितके ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, मोठे.) मी हाच बदल दोन टप्प्यांत केला. आधी ५०० मिमी एफ/५.६ पीएफ (फेज फ्रेनेल हा खास काचघटक असलेली) घेतली आणि नंतर आपण म्हणता ती लेन्स. माझे मत असे की दर्जाची चिंता आपण चुकीच्या ठिकाणी करत आहात.

आपली लेन्स ३,८१० ग्रॅमची आणि बॉडी बॅटरीसह १,००५ ग्रॅमची, म्हणजे हातात सुमारे ४.८ किलो. नवी जोडी कॉलरसह (लेन्स ट्रायपॉडवर बसवायचे कडे) २.४ किलोच्याही आत बसते. मात्र माझा खांदा खरा सुटला तो ट्रायपॉड आणि जिंबल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारा ट्रायपॉडवरचा भाग) घरी राहू लागले तेव्हा, कारण ती दोन्ही मिळून लेन्सइतकीच जड होती आणि वजनाचा हिशेब मांडताना मी त्यांना कधी धरलेच नव्हते. उलट झेड८सारखी मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी बॅटरी भराभर संपवते, त्यामुळे दोन-तीन जादा बॅटऱ्या पिशवीत येतात. पण त्यांचे वजन किरकोळ.

आता हे वजन नेमके कुठून कमी होते ते पाहू. ६०० ला ४ ने भागले की १५० मिमी येतात आणि ६.३ ने भागले की ९५. पुढच्या काचेचा व्यास साधारण या हिशेबाने ठरतो. क्षेत्रफळात हा फरक अडीच पटींचा आहे आणि काच जड असते. पीएफ घटकामुळे लेन्स आणखी आखूड व हलकी होते. पाण्यावरच्या उन्हाच्या तिरिपीसारखा प्रखर प्रकाश समोर आला तर त्याभोवती कधीकधी वलये उमटतात, एवढीच त्याची खोड. रेखीवपणात मला तरी उणीव जाणवली नाही. गेला तो प्रकाश : जिथे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० पुरत असे तिथे आता ४००० लागतो.

याची झळ मला संधिप्रकाशात बसली. खोडाच्या ढोलीतून बाहेर डोकावणारे घुबड मी पूर्वी एफ/४ वर १/३२० सेकंदाने टिपत असे. हलकी लेन्स घेऊन पहिल्यांदा गेलो त्या संध्याकाळी त्याच आयएसओवर १/१२५ च्या पुढे जाता येईना आणि मान वळवणाऱ्या घुबडाची निम्मी चित्रे हलली. स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप थोपवते, पक्ष्याची मान नाही. याउलट सूर मारणारा खंड्या मला जिंबलवरून कधीच वेळेत सापडला नव्हता, तो आता सापडतो, कारण लेन्स डोळ्याला लावायला क्षणही लागत नाही.

पार्श्वभूमीची धास्ती मात्र थोडी फुगवलेली असते. १५ मीटरवरच्या पक्ष्यासाठी एफ/४ वर साधारण १५ सेंटीमीटर खोली रेखीव मिळते, एफ/६.३ वर सुमारे २४. झाडी दूर असेल तर दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनही फरक शोधावा लागतो. फांद्या पक्ष्याच्या लगेच मागे असतील तर फरक स्पष्ट दिसतो. शिवाय जवळच्या बदकाची चोच आणि पाठ दोन्ही रेखीव हवी म्हणून आपण एफ/४ असूनही ॲपर्चर लहान करतच असणार.

म्हणून विक्रीची जाहिरात देण्यापूर्वी एक काम करा. गेल्या दोन वर्षांत आपण निवडून ठेवलेली छायाचित्रे ॲपर्चरनुसार गाळून पाहा आणि एफ/४ वर टिपलेली किती, ती कोणत्या वेळची, हे मोजा. माझ्याकडे दहातली जेमतेम दोन निघाली, आणि तीही बहुतेक पहाटेची किंवा तिन्हीसांजेची. आपल्याकडे निम्मी निघाली तर एफ/६.३ वर आपला जीव रमणार नाही. त्याच यादीत १.४ टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला १.४ पट करणारी जोडलेन्स) लावलेली चित्रेही पाहा. आज आपल्याला ८४० मिमी एफ/५.६ मिळते, नव्या लेन्सवर तेच एफ/९ होईल. कन्व्हर्टर नेहमीच लागत असेल तर २,३८५ ग्रॅमची ८०० मिमी एफ/६.३ अधिक शहाणपणाची निवड ठरेल.

हलकी लेन्स हातात अधिक डगमगते, हे कोणी आधी सांगत नाही. जड लेन्सचा भारच तिला स्थिर ठेवत असतो. डावा हात लेन्सखाली जितका पुढे नेता येईल तितका न्या, कोपर बरगडीला टेकवा, आणि पहिले काही आठवडे शटर स्पीड सवयीपेक्षा एक स्टॉप (म्हणजे दुपटीने) जास्त ठेवा.

शेवटी, शक्य असल्यास ६०० मिमी एफ/६.३ लेन्स आठवडाभर भाड्याने घ्या आणि आपल्या नेहमीच्या ठिकाणी सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासात, एकाच फांदीवर, दोन्ही लेन्सनी चित्रे काढा. दुपारच्या उन्हात केलेल्या तुलनेत दोन्ही सारख्याच वाटतील.