वडिलांच्या कंबरदुखीला सांगलीतले डॉक्टर कित्येक महिने ट्रामाडॉलच लिहून देतायत, हे कधी पकडलं जात नाही का?

जाऊ शकतं की. ट्रामाडॉल ही सवय लागू शकणारी, अफूच्या जातीची पेनकिलर; ती एच१ यादीत (चिठ्ठीशिवाय न विकायच्या, कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत) आहे आणि २०१८ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातपण, त्यामुळं मेडिकलवाल्याला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरला लिहून ३ वर्षं ठेवावं लागतं, एफडीएवाल्यांनी (सरकारच्या अन्न-औषध खात्यानं) ते तपासलं की एकाच डॉक्टरच्या चिठ्ठ्या लगेच दिसतात, मग मेडिकल कौन्सिलला त्या डॉक्टरचं रजिस्ट्रेशन सस्पेंडही करता येतं.

पण मला काळजी वडिलांची वाटते. गोळी एकदम बंद करू नका, घाम, तगमग, झोप उडणं सुरू होतं, डोस हळूहळूच उतरवायचा असतो. सगळ्या जुन्या चिठ्ठ्या घेऊन मिरज सिव्हिलला दाखवा, याच आठवड्यात.