फुकटचा वकील कच्चा असतो का?

प्रश्न : ताई, मी अहमदपूर तालुक्यातला शेतकरी. थोरला मुलगा 2023 साली एमएस करायला टेक्सासला गेला. त्याच्या शिक्षणाच्या कर्जापायी दोन एकर वावर बँकेकडं तारण आहे, दोन एकर मोकळं आहे. तिथं त्याला कुणीतरी पार्सल आणायचं काम लावून दिलं. म्हाताऱ्या माणसांच्या घरून बंद खोकं घ्यायचं आणि दुसऱ्याच्या हवाली करायचं, खेपेला ठरलेले पैसे. खोक्यात रोकड निघाली. त्या म्हाताऱ्यांना फोनवरून कुणीतरी फसवलेलं होतं. मागच्या महिन्यात फेडरल पोलिसांनी पोराला उचललं. कोर्टानं त्याला सरकारी वकील दिलाय. गावातले म्हणतात, सरकारी वकील सरकारचाच माणूस, तो पोराला आत घालणार. तिथल्या एका खासगी वकिलानं साठ हजार डॉलर सांगितलेत. हैदराबादचा एक एजंट म्हणतो, पंधरा लाख द्या, आठ दिवसांत जामिनावर बाहेर काढतो. मोकळ्या वावराला गिऱ्हाईक आलंय. आणि पोरानं साहेबांना सगळं खरं सांगून टाकलं तर सोडतील का? त्याच्या आईच्या पोटात अन्न नाही. काय करावं सुधरंना.
— एक वडील, जि. लातूर

उत्तर : दादा, वावराचा इसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर खरेदीखताची तारीख पुढं ढकला. बाकीचं मग बोलू.

गावातल्यांचा घोटाळा शब्दामुळं झालाय. आपल्या कोर्टात सरकारी वकील म्हणजे पीपी, आरोपीच्या विरुद्ध उभा राहणारा. तिथं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात ते काम यू. एस. अटर्नीच्या कार्यालयातले वकील करतात. तुमच्या मुलाला मिळालाय तो एक तर फेडरल पब्लिक डिफेंडरच्या कचेरीतला असेल, नाही तर कोर्टाच्या यादीवरचा खासगी वकील. त्याचे पैसे सरकार देतं, पण तो मुलाचा वकील. मुलानं सांगितलेलं तो फिर्यादी पक्षाला सांगू शकत नाही, आणि मुलाच्या परवानगीशिवाय तुम्हालाही सांगणार नाही. तेव्हा फोनवर तो तुटक बोलला तर राग धरू नका. फेडरल कोर्टात ऐपत नसलेल्या आरोपीला वकील द्यायचा, हे 1938 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ठरलं आणि 1964 च्या कायद्यानं त्या वकिलाच्या पैशाची सोय झाली. आरोपी व्हिसावरचा विद्यार्थी असला तरी हा हक्क आहेच. ऐपत बघताना मुलाची स्वतःची मिळकत बघतात. तुमचा सातबारा त्यात येत नाही.

तरी शंका राहणारच. फुकटचा वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतो तो बार रूममध्ये केसची वाट बघत बसलेला नवा पोरगा. परभणीच्या कोर्टात पहिली चार-पाच वर्षं ती पोरगी मीच होते, आणि माझ्या वाट्याला आलेल्या सगळ्याच आरोपींचं मी भलं केलं असं काही म्हणणार नाही.

पण 2018 साली माझ्या मावसभावाच्या मुलावर ह्यूस्टनच्या फेडरल कोर्टात खटला झाला, तेव्हा मी दीड महिना तिथं होते. आम्हीही आधी मोठा वकील करायच्या खटपटीत होतो. मग त्याच्या पब्लिक डिफेंडर बाई भेटल्या. काळा कोट नाही, पाठीवर सॅक, आणि काखेत शिक्षेच्या गाइडलाइन्सचं जाडजूड पुस्तक, पानोपानी रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेलं. त्यांच्या कचेरीत फेडरल फौजदारीशिवाय दुसरं कामच नसतं. त्यांनी मुलाला विचारून घेतलं आणि माझ्याच वहीत हिशोब मांडून दाखवला. ती वही अजून माझ्याकडं आहे.

हिशोब अंकांचा, अंक जितके जास्त तितके तुरुंगाचे महिने जास्त. फसवणुकीचे मुळात 7 अंक. नुकसान दीड लाख डॉलरच्या वर, त्याचे 10. फसलेली माणसं वयस्कर, दुबळी, म्हणून आणखी 2. झाले 19. पहिलाच गुन्हा असेल तर 19 ला तीस ते सदतीस महिने. आता वजाबाकी. गुन्हा कबूल केला तर 3 कमी, उरले 16, म्हणजे एकवीस ते सत्तावीस महिने. पण मुलगा या टोळीत अगदी किरकोळ हमाल होता, हे वकिलानं पटवलं तर त्याचे 4 आधीच वजा होतात, उरतात 15. मग कबुलीचे दोनच मिळतात, तरी हिशोब 13 वर येतो. बारा ते अठरा महिने. हा तक्ता त्या वर्षीचा, आणि जज त्याला बांधील नसतो, 2005 पासून नाही. पण बोलणं सुरू होतं ते इथूनच. आरोपाच्या कागदावर ‘वीस वर्षांपर्यंत’ असं असेल, ती कायद्यातली कमाल मर्यादा. ती वाचून पोराच्या आईला घाबरवू नका. मात्र तिथं पॅरोल, म्हणजे मुदतीआधी अटीवर सुटका, नाही, चांगल्या वागणुकीचे वर्षाला फार तर चोपन्न दिवस सुटतात, हेही ठाऊक असू द्या.

तिथली शंभरातली नव्वदच्या वर फेडरल प्रकरणं कबुलीवर मिटतात. बारा जणांच्या ज्युरीपुढं गरजणारा वकील सिनेमात बरा. तुमच्या पोराचं नशीब ठरणार ते दोन गोष्टींवर : एकूण नुकसानीतलं किती त्याच्या नावावर चढवलं जातं, आणि तो टोळीतला कोण होता. हे भांडण रोज करणारा माणूस तुम्हाला फुकट मिळालाय.

आता ‘सगळं खरं सांगून टाक’ याबद्दल. हा सल्ला आपल्याकडं चावडीवर कुणीही देतं, कारण पोलिसापुढचा कबुलीजबाब आपल्या कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तिथं चालतो. हक्क समजावून सांगितल्यावर पोरानं आपल्या मर्जीनं जे बोललं ते ज्युरीपुढं जसंच्या तसं येतं. शिवाय फेडरल अधिकाऱ्याला जाणूनबुजून महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली तर तो वेगळा गुन्हा, पाच वर्षांपर्यंतचा. खरं सांगायची वेळ येतही असेल, त्याचा फायदाही होतो, पण ती वेळ वकील ठरवणार आणि वकील शेजारी बसलेला असणार. तोवर एकच वाक्य : मला माझ्या वकिलाशी बोलायचंय.

तुरुंगातून येणारा फोन रेकॉर्ड होतो. मराठीत बोललं तर त्यांना काय कळतंय, असं माझ्या मावसभावालाही वाटलं होतं. तिथं दुभाषे आहेत हो. फोनवर जेवलास का, झोप लागते का, एवढंच विचारा. खोकं, पैसे, कुणी काम लावून दिलं, यातलं एक अक्षर नको.

एजंटाला एक पैसा देऊ नका. फेडरल कोर्टात जामीन असा विकत मिळत नाही. जज दोनच गोष्टी बघतो : पोरगा पळून जाईल का आणि त्याच्यापासून कुणाला धोका आहे का. बऱ्याचदा पासपोर्ट जमा करून, सहीवर, पायात इलेक्ट्रॉनिक कडं अडकवून सोडतात. रोख भरावीच लागते असं नाही. पण परदेशी मुलाला ते अवघड जातं, आणि जजनं सोडलं तरी इमिग्रेशनवाले दारातून उचलू शकतात. आठ दिवसांची हमी तिथला सगळ्यात नावाजलेला वकीलही देणार नाही.

एवढं ऐकूनही खासगी वकील करायचा असेल तर साठ हजार डॉलर म्हणजे पन्नास लाखांच्या वर गेलं, तेव्हा आधी चार गोष्टी विचारा. त्याच फेडरल जिल्ह्यातल्या कोर्टात किती फौजदारी प्रकरणं चालवलीत? उभे तुम्ही राहणार की तुमचा ज्युनिअर? ही फी कबुलीपर्यंतची, की खटला उभा राहिला तर वेगळी, आणि अपिलाची? प्रकरण लवकर मिटलं तर उरलेली परत? उत्तरं लेखी घ्या. ‘सुटला तरच पैसे द्या’ म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. फौजदारीत तशी फी घ्यायला तिथल्या वकिलांना मनाईच आहे. वकील आपल्याकडचा आहे, तेलुगू-हिंदी बोलतो, याला मी तरी कवडीची किंमत देत नाही. भाषेला दुभाषा मिळतो.

कोणताही वकील असो, कबुलीवर सही करण्याआधी एक प्रश्न मुलानं विचारलाच पाहिजे : यानं मला देशाबाहेर काढतील का? हे सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, 2010 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं तसं ठरवलंय. फसवणुकीतलं नुकसान दहा हजार डॉलरच्या वर गेलं की मायदेशी पाठवणी जवळपास ठरलेलीच. डिग्री तिथं पुरी होणार नाही, हे मनाशी धरून चला. बँकेशी हप्त्यांचं बोलणं आत्ताच सुरू करा.

ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीला कळवायला मुलानं सांगावं, तो त्याचा हक्क आहे. ते खटला लढत नाहीत, पण भेटायला जाऊ शकतात. प्रकरणाचे कागद पेसर नावाच्या सरकारी साइटवर पानाला दहा सेंट देऊन दिसतात. तीन महिन्यांत तीस डॉलरपर्यंत वापर असेल तर तेही माफ. गावातल्या एखाद्या इंजिनिअर पोराला केस नंबर द्या, तो बघून सांगेल.

तुमच्या हातात एक काम आहे. शिक्षा ठरवण्याआधी जजपुढं घरच्यांची पत्रं जातात. वकिलाला विचारून तुम्ही एक लिहा, मराठीत, स्वतःच्या हातानं. इंग्रजी तर्जुमा जोडता येतो. पोरगा निर्दोष आहे असं त्यात लिहू नका. तो दहावीला असताना पहाटे कुणाबरोबर दारं धरायला जायचा, ते लिहा.

प्रश्न : माझे यजमान अमेरिकेत एका कंपनीत आहेत. तिथल्या फेडरल सरकारी वकिलाचं पत्र आलंय, त्यात त्यांना तपासाचं ‘टार्गेट’ म्हटलंय. कंपनी म्हणते, आमचा वकील बघून घेईल. यजमान जुना फोन विकून नवा घ्यायचा म्हणतात.
— एक भगिनी, जालना

उत्तर : टार्गेट म्हणजे त्यांच्या मते तुमचे यजमान होणारे आरोपी. कंपनीचा वकील कंपनीचा. उद्या कंपनीनं यजमानांवर ढकललं तर तो कंपनीच्या बाजूनं बसेल. यजमानांनी स्वतःचा वेगळा वकील आजच बघावा आणि त्या पत्राला उत्तर त्यानंच द्यावं. आणि फोन विकू नका, पुसू नका, व्हॉट्सअॅपवरचा एक निरोपही उडवू नका. तपासात अडथळा आणायला पुरावा नष्ट केला तर वीस वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मूळ गुन्हा शाबीत होवो न होवो. नवा घ्यायचा तर घेऊ द्या, जुना चार्ज करून वकिलाच्या हवाली करा.