गोठलेल्या तळ्यांवरून भरलेले ट्रक जातात कसे, आणि मुळात जातात कशाला?

कॅनडात बर्फाच्या रस्त्यांवर एवढा धोका का पत्करतात, आणि तो बर्फ फुटत कसा नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी विनिपेगमध्ये एका गोदामात काम करतो. आमचा माल याच मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर भागात जातो. तिथे आयलंड लेकच्या काठी गार्डन हिल, सेंट थेरेसा पॉइंट, वासागमाक ही आदिवासींची गावं आहेत. बारमाही रस्ता एकालाही नाही. औषधं, दूध विमानाने जातं, पण घरांचं लाकूड, सिमेंट, इंधन एवढं सगळं विमानाने नेणं कुणालाच परवडत नाही.

कोकणातल्या माणसाला हे लगेच कळेल. आमची आजी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, मीठ, मिरच्या, सुकी मासळी, लाकूडफाटा भरून ठेवायची. इथली आगोट थंडीत. साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत रस्ता, तेवढ्यात वर्षाची बेगमी.

बर्फाचा ढोबळ हिशेब असा: जाडीचा सेंटिमीटरमधला आकडा, त्याचा वर्ग, गुणिले ४, तितके किलो. म्हणजे ५० सेंटिमीटरवर १० टन, मीटरभर जाडीवर ४० टन. हे काचेसारख्या, निळसर बर्फाचं. दुधी बर्फाची ताकद निम्मीच धरतात.

गंमत म्हणजे या रस्त्याचा शत्रू वरून पडणारं भुसभुशीत हिमच. ते गोधडीसारखं पसरतं आणि खालच्या बर्फापर्यंत थंडी पोचू देत नाही. म्हणून आधी स्नोमोबाइलसारख्या हलक्या गाड्यांनी ते दाबतात, जाडी वाढली की जड यंत्रांनी बाजूला सारतात. जागोजागी भोकं पाडून जाडी मोजतात. वाटेतली दलदलही गोठावी लागते, नाहीतर तळं पक्कं असून उपयोग नाही. ट्रक अगदी हळू न्यावा लागतो: वजनाने बर्फ किंचित वाकतो, खालच्या पाण्यात लाट उठते, आणि वेग वाढला तर ती किनाऱ्याजवळ बर्फ तडकवते.

थंडी नीट पडली नाही की सगळंच अडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या ऑन्टॅरिओत आदिवासी नेत्यांनी याच कारणाने आणीबाणी जाहीर केली होती. आमच्याकडेही एका वर्षी रस्ता लवकर बंद झाला आणि एका घराच्या खिडक्या पुढच्या जानेवारीपर्यंत गोदामातच राहिल्या. तोवर त्या घराच्या चौकटींना प्लायवूड ठोकलेलं होतं.

मॅनिटोबातल्याच बेरेन्स रिव्हर या गावाला २०१७ च्या अखेरीस बारमाही रस्ता पोचला. आयलंड लेकलाही तो हवाच, आणि लवकर हवा.