ठेच, कळ आणि गणित

आपली कन्या अकरावी विज्ञान शाखेत आहे, तिला मेंदूविषयी विलक्षण ओढ आहे, तेव्हा तिने न्यूरॉलॉजिस्ट व्हावे आणि नीटच्या तयारीस वेळ मिळावा म्हणून गणित आताच सोडावे काय, असे आपण कोथरूडहून विचारले आहे. पत्राच्या शेवटी आपण सहज लिहून गेला आहात की, उंबऱ्याची ठेच लागल्यावर बोट आपटल्याचे आधी कळते आणि कळ मागाहून का येते, असे ती घरात सर्वांना विचारीत असते. मला आपल्या पत्रातील तेच वाक्य सर्वांत मोलाचे वाटले.

तिच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. चेतापेशी, म्हणजे संदेश वाहणारी मज्जासंस्थेची पेशी, विश्रांत असताना तिच्या आतील बाजूचा विद्युतदाब बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतो. संवेदना पुरेशी तीव्र झाली, की पेशीच्या पटलातील दारे उघडून सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) आत घुसतात, हा दाब क्षणभर उलटतो आणि तीच उलथापालथ अक्षतंतूच्या, म्हणजे पेशीतून निघालेल्या लांब तंतूच्या, पुढच्या भागात घडत जाते. म्हणजे तारेतील विजेप्रमाणे येथे प्रवाह सरळ धावत नाही. प्रत्येक टप्प्यावर संदेश नव्याने उभा राहतो. ज्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते, तेथे तो एका उघड्या खाचेतून पुढच्या खाचेत जणू उड्या घेत जातो. स्पर्शाची वार्ता अशा जाड तंतूंतून सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने पोहोचते. मागाहून येऊन रेंगाळणारी कळ मात्र वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंतून सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकते. पायाच्या बोटापासून मेंदूपर्यंतचे अंतर लक्षात घेतले, म्हणजे हा विलंब आपोआप उलगडतो.

आता मूळ प्रश्न. या दारांच्या उघडझापीचे नियम हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्क्विड या सागरी जीवाच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये मांडले आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ते नियम समीकरणांच्या रूपात आहेत. ‘जीवशास्त्र घेतले, गणितातून सुटलो’ ही आपल्याकडची समजूत या क्षेत्रात तरी अजिबात टिकत नाही.

न्यूरॉलॉजिस्ट व्हायचे तर एमबीबीएसची साडेपाच, एमडीची तीन आणि डीएम या त्यापुढील पदवीची तीन वर्षे लागतात. त्या मार्गाला बारावीचे गणित लागत नाही, हे खरे. परंतु चेतापेशी काम कशी करते हाच ध्यास असेल, तर पुण्यात पाषाण येथील आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम अधिक जवळचा आहे, आणि त्याच्या प्रवेश परीक्षेत गणितावरही प्रश्न असतात. म्हणून गणित व जीवशास्त्र दोन्ही बारावीपर्यंत ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओझे वाढेल, ते मी नाकारीत नाही.

तूर्त एक करावे. एकाने पट्टी उभी धरून न सांगता सोडावी आणि दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. पट्टी वीस सेंटिमीटर घसरली, तर डोळ्यापासून बोटापर्यंतच्या साऱ्या व्यवहारास सुमारे ०.२ सेकंद लागले, हे ती अकरावीच्या भौतिकशास्त्रातील सूत्राने स्वतः काढू शकेल. घरातील आजोबांनाही खेळात घ्यावे. नंतर ती आकडेमोडीत रमते, की आजोबांचा हात उशिरा का मिटला या काळजीत पडते, ते पाहावे आणि मला कळवावे. एवढ्यावरून निर्णय मात्र घेऊ नये.