हातमोजे घातल्यावरही हात का धुवायचे?

आपला प्रश्न असा आहे : जी.एन.एम. या परिचारिका अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात वर्गात सांगतात की हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नाही, वॉर्डात मात्र एकच जोडी घालून चार-चार रुग्णांची कामे झालेली दिसतात. मग खरे काय मानायचे, आणि निर्जंतुक पद्धतीत नेमके काय सांभाळायचे? मी बावीस वर्षे परिचारिका आहे. त्यातली बहुतेक वर्षे अतिदक्षता विभागात गेली आणि आता रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रणाचे काम माझ्याकडे आहे. वर्गात शिकवतात तेच बरोबर आहे. त्यामागची कारणे नीट समजली, तर वॉर्डात काहीही दिसले तरी आपला हात चुकणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

हातमोजा मुळात कोणासाठी आला, इथून सुरुवात करू. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या सुमारास कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिका शस्त्रक्रियागृहात काम करत. हात निर्जंतुक करण्यासाठी तेव्हा मर्क्युरिक क्लोराइडचे द्रावण वापरत, आणि त्याने त्यांच्या हातांची त्वचा फार खराब झाली. तेथील शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. रुग्णाला संसर्ग होऊ नये हा त्यामागचा पहिला हेतू नव्हता, परिचारिकेचे हात वाचावेत हा होता. रुग्णाच्या जखमाही त्यामुळे कमी चिघळतात, हे पुढे काही वर्षांनी लक्षात आले. वॉर्डात खोक्यातून काढून आपण जे साधे हातमोजे घालतो, ते आजही मुख्यतः आपले रक्षण करतात. रुग्णाचे रक्त, लघवी, कफ आपल्या त्वचेला लागू नये, हे त्यांचे काम. ते निर्जंतुक नसतात, आणि खोक्यात हात घालणाऱ्या प्रत्येकाची बोटे उरलेल्या हातमोज्यांना लागत असतात.

आता हात धुण्याचे कारण. हातमोज्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात, काढताना बाहेरची बाजू मनगटाला सहज लागते, आणि आतल्या उबदार, ओलसर त्वचेवर जंतू भराभर वाढतात. म्हणून घालण्यापूर्वी आणि काढल्यानंतरही हात स्वच्छ करावे लागतात. याहून मोठा धोका मला वेगळाच वाटतो. उघड्या हाताला चिकटपणा जाणवला की आपण आपोआप बेसिनकडे वळतो, पण हातमोज्याच्या आत हाताला काहीच चिकटत नाही आणि तो स्वच्छ आहे असा भास होतो. मग त्याच हाताने आपण युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करतो, पलंगाचा कठडा धरतो, शेजारच्या रुग्णाच्या सलाइनचा वेग बदलतो आणि केसपेपरवर नोंदही करतो. हातमोज्यांवर सॅनिटायझर चोळणे हाही उपाय नव्हे, कारण त्याने हातमोजा खराब होतो आणि त्यावरचे जंतू खात्रीने जात नाहीत. एका रुग्णासाठी एक जोडी वापरावी, आणि त्याच रुग्णाचेही अस्वच्छ काम झाल्यावर स्वच्छ कामाकडे वळताना ती बदलावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलेले पाच प्रसंग आपल्याला पाठ असतीलच : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामाला हात घालण्यापूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. पाचवा प्रसंग सर्वाधिक विसरला जातो, कारण नुसते मॉनिटरचे बटण दाबले तर हात कशाला धुवायचे, असे वाटते. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरने हात २० ते ३० सेकंद चोळावेत, साबण-पाण्याने धुताना ४० ते ६० सेकंद द्यावेत. हात उघड मळले असतील, किंवा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारख्या जंतूमुळे जुलाब होणाऱ्या रुग्णाची सेवा केली असेल, तर साबण-पाणीच हवे, कारण त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

निर्जंतुक पद्धत म्हणजे काय, हा आपल्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. पलंग, हवा, आपली किंवा रुग्णाची त्वचा, यांपैकी काहीच पूर्ण निर्जंतुक करता येत नाही, म्हणून सगळे निर्जंतुक ठेवण्याचा विचार मनातून काढून टाकावा. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात स्टीफन राउली यांनी एक पद्धत मांडली. तिचे सार असे की, रुग्णाच्या शरीराच्या आतल्या भागाशी ज्या मोजक्या जागांचा संबंध येतो त्या आधी ओळखाव्यात आणि त्यांना निर्जंतुक वस्तूशिवाय कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये. सिरिंजचे टोक, सुई, औषध काढण्यापूर्वी पुसलेले बाटलीचे रबरी बूच, इंट्राकॅथचे (शिरेत बसवलेल्या बारीक नळीचे) तोंड, कॅथेटरचा (लघवीच्या नळीचा) आत जाणारा भाग, आणि रुग्णाच्या बाजूने जखम किंवा सुई टोचायची जागा, ही त्यांची उदाहरणे आहेत. या जागांना हात न लावता काम होणार असेल, तर स्वच्छ हात आणि साधे हातमोजे पुरतात. त्यांना हात लावण्यावाचून गत्यंतर नसेल, तर निर्जंतुक हातमोजे घालायचे. हे एकदा पटले की ट्रॉली लावण्यापूर्वीच मनात प्रश्न येतो की, या कामात कशाला हात लावायचा नाही, आणि माझा हात शेवटचा कुठे लागला होता?

लघवीच्या कॅथेटरचे उदाहरण घेते, कारण शिकणाऱ्यांची सर्वाधिक चूक तिथे होते. जागा उघडी धरणारा डावा हात त्या क्षणापासून अस्वच्छ होतो. नळी आत जाईपर्यंत तो तिथेच राहायला हवा आणि ट्रेकडे परत येता कामा नये. नळी फक्त उजव्या हाताने धरायची. निर्जंतुक टॉवेल ओला झाला, तर खालचे जंतू त्यातून वर येतात, म्हणून तो बदलायचा. कंबरेच्या खाली गेलेला किंवा नजरेआड झालेला हात निर्जंतुक मानायचा नाही.

मी नोकरीत नवीन असताना रात्रपाळीत एका आजींना कॅथेटर घालत होते. त्यांनी पाय हलवला आणि नळीचे टोक त्यांच्या मांडीला लागले. दुसरी नळी आणायला वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले असते, आजी कण्हत होत्या, आणि मी तीच नळी आत घातली. तिसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप आला आणि लघवीत संसर्ग सापडला. त्या टोकामुळेच तो झाला असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण काळजीपूर्वक घातलेली नळीसुद्धा आत राहिली की दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. पण तसे झाले नाही, असेही मला म्हणता येत नाही. तेव्हापासून माझ्या ट्रॉलीवर त्याच मापाची दुसरी नळी असते, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी तसेच करायला लावते. चूक झाल्यावर ती सुधारण्याचे साधन हाताशी असेल, तर ती कबूल करणे सोपे जाते. रोज टिकणारी हीच टक्केवारी आणखी एक गोष्ट सांगते : नळीची गरज संपली की ती त्याच दिवशी काढावी, आणि त्यासाठी डॉक्टरांना राउंडच्या वेळी आपणच विचारावे.

नळी घातल्यानंतरही जपावे लागते. युरोबॅग नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. रुग्णाला एक्स-रेला नेताना वॉर्डातले मदतनीस मामा किंवा मावशी ती सहजपणे रुग्णाच्या पोटावर ठेवतात आणि पिशवीतली लघवी उलट आत जाण्याची वाट मोकळी होते. नेण्यापूर्वी पिशवी रिकामी करून ट्रॉलीच्या खालच्या दांडीला अडकवण्याचे काम आपले आहे, आणि मामांना कारण समजावून सांगितले तर तेही पुढच्या वेळी लक्षात ठेवतात.

इंजेक्शनच्या ट्रेकडेही असेच बघा. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्यांची वाटी सकाळी भरून दिवसभर वापरण्याची सवय अजून अनेक ठिकाणी आहे. स्पिरिट उडून जाते, बोळे उचलणारी बोटे त्यात जंतू सोडतात, आणि जंतू मारण्यासाठी ठेवलेली वाटीच ते पसरवू लागते. बोळा त्या त्या वेळी भिजवावा किंवा बंद पाकिटातला वापरावा. औषधाच्या बाटलीच्या बुचात सुई टोचून ठेवणेही तितकेच घातक आहे, कारण ती सुई म्हणजे बाटलीत जायला उघडा ठेवलेला रस्ता असतो. इंट्राकॅथच्या किंवा थ्री-वेच्या (सलाइनच्या नळीवरील तीन तोंडांच्या जोडणीच्या) तोंडातून औषध देण्यापूर्वी ते अल्कोहोलच्या स्वॅबने सुमारे १५ सेकंद घासावे आणि वाळू द्यावे. वाळण्याचे ते काही क्षण घाईत सर्रास वगळले जातात. अल्कोहोलला आपले काम करायला तेवढा वेळ लागतो, म्हणून ते वगळू नयेत.

वॉर्डातल्या वरिष्ठ चुकत असतील तर विद्यार्थिनीने काय करावे, हेही आपण विचारले आहे. या बाबतीत एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते, आणि तेही जॉन्स हॉपकिन्सशीच जोडलेले आहे. तेथील डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच गोष्टी ठरवल्या : हात धुणे, गाउन-मास्कसह पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे. यात नवे औषध किंवा महागडे यंत्र काहीच नव्हते. पण तातडीचा प्रसंग नसेल आणि डॉक्टरांनी एखादी पायरी गाळली, तर परिचारिकेने त्यांना थांबवायचे, हा अधिकार त्याबरोबर दिला गेला. मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हे राबवले गेले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नळीमुळे रक्तात होणाऱ्या संसर्गाचे मध्यक प्रमाण दर १००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असणे म्हणजे एक नळी-दिवस) २.७ होते, ते तीन महिन्यांत शून्यावर आले. थांबवण्याच्या त्या अधिकाराचा यात मोठा वाटा होता, असे मी मानते.

आपल्याकडे विद्यार्थिनीला असा अधिकार कोणी लिहून देत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून चारचौघांत 'सिस्टर, तुमचे चुकते आहे' असे म्हणण्यापेक्षा 'सिस्टर, नवी जोडी देऊ का?' असे विचारून ती पुढे करावी, बहुतेक जणी घेतात. सरांचा हातमोजा कठड्याला लागलेला दिसला, तर 'सर, हातमोजा लागला' एवढेच स्पष्ट आवाजात सांगावे. मी ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांतले चांगले शल्यचिकित्सक एवढ्यावर न बोलता हातमोजा बदलत. तरीही कोणी दुर्लक्ष करत असेल, तर इन्चार्ज सिस्टरांना किंवा संसर्ग नियंत्रण परिचारिकेला नंतर एकांतात सांगावे. ते ऐकून घेणे आमच्या कामाचाच भाग आहे.

शेवटी आपल्या स्वतःच्या हातांविषयी. नखे लहान ठेवावीत, ड्युटीवर अंगठी, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे. दिवसातून कित्येक वेळा हात धुतल्याने त्वचा कोरडी पडते आणि हिवाळ्यात तिला भेगाही पडतात. त्या भेगांत जंतू टिकून राहतात, आणि झोंबते म्हणून हात धुणे आपोआप कमी होते. प्रत्येक ड्युटीनंतर आणि रात्री झोपताना हातांना मॉइश्चरायझर लावावे, आणि भेगा वाढल्या तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून बऱ्या होईपर्यंत निर्जंतुक कामातून मोकळीक मागावी.